टोपीवाल्या बाईंची तालीम

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, जिन्याखाली, जिथे पूर्वी खेळाचं सामान ठेवायचे, तिथे परदेशी विद्यार्थ्यांचा कक्ष होता. दोन खोल्या, एक किटली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग आणि भिंतीवर जगाचा नकाशा. जो विद्यार्थी येई त्याने आपल्या गावावर एक टाचणी टोचायची, अशी पद्धत होती. टाचण्या इतक्या झाल्या होत्या की काही छोटे देश त्यांच्याखाली दिसेनासे झाले होते.

आत शिरलं की समोरच बाईंचं टेबल. त्या टेबलावर पूर्वी काचेची खिडकी होती. आत बोलायला गोल भोक आणि खाली कागद सरकवायला फट. बाईंना बढती मिळाली त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला पाना-पक्कड घेऊन बोलावलं आणि ती काच उतरवून टाकली. "तुला पगार वाढला म्हणून पार्टी देशील असं वाटलं होतं," नवरा स्क्रू काढता काढता म्हणाला, "तू तर मलाच कामाला लावलंस." ती काच मग टेबलावर आडवी पडली आणि तिच्याखाली जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो गेले.

काचेचं आणि बाईंचं वैर जुनं होतं. लहानपणी वडिलांनी त्यांना पोस्टात दोन पाकिटं आणायला पाठवलं होतं. खिडकीशी टाचा उंचावून त्या उभ्या राहिल्या. पलीकडच्या माणसाने मान वर न करता "काय?" एवढंच विचारलं आणि त्या धूम पळत घरी आल्या. वडील पोट धरून हसले. आई म्हणाली, "अहो, हसता काय, पोरगी घाबरलीय." पाकिटं शेवटी आईनेच आणली. पुढे शाळा झाली, नोकरी लागली, लग्न झालं, पण कुठल्याही खिडकीसमोर उभं राहिलं की बाईंची जीभ टाळूला चिकटायची ती चिकटायचीच. नोकरी मात्र मिळाली ती खिडकीच्या आतल्या बाजूची. दैवाची थट्टा म्हणायची, दुसरं काय.

तालमीची सुरुवात एका मुलामुळे झाली. मुलगा इतका हुशार की प्राध्यापकांनी त्याच्यासाठी प्रयोगशाळेत जागा झाडून ठेवली होती. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने त्याला विचारलं, "तिकडे कशाला जायचंय?" मुलाची दातखीळ बसली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "माहीत नाही." झालं. व्हिसा नाकारला. त्याने निरोप पाठवून बाईंना कळवलं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याची टोपी मागितली. नवरा शहरात बस चालवायचा, तिकिटंही तोच द्यायचा. खाकी रंगाची, पुढे काळी झडप असलेली कडक टोपी होती त्याची.

दुसऱ्या दिवसापासून कक्षात तालीम सुरू झाली. मुलाखतीला जाणारा प्रत्येक जण आधी बाईंसमोर उभा राहायचा. परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर. बाई टोपी घालायच्या, भुवया कपाळात चढवायच्या आणि दरडावून विचारायच्या, "का आलास?" मुलं आधी दचकायची, मग हसायची, मग पुन्हा दचकायची. हळूहळू बोलू लागायची. कोणी अडखळला तर बाई त्याला त्याच्या गल्लीतल्या कुत्र्याविषयी विचारायच्या, आजीविषयी विचारायच्या आणि मधेच पुन्हा, "का आलास?" त्यांचं म्हणणं असं, की भीती नव्या बुटासारखी असते, घालून घालूनच सैल होते. एकेकाला अर्धी सकाळ लागायची. पण तालीम करून गेलेला नकार घेऊन परत येत नसे. मुलांनी त्यांचं नाव टोपीवाल्या बाई ठेवलं. नवरा निवृत्त झाला तेव्हा टोपी कायमचीच कक्षातल्या खुंटीवर आली. "जन्मभर मी ती टोपी घातली," तो लोकांना सांगायचा, "आता ही ती घालून पोरांना धाक घालते."

नियम बदलायचे ते नेहमी शुक्रवारी दुपारी. कक्षात बाईंच्या जोडीला अण्णा होते. अण्णा म्हणजे जाड भिंगाचा चष्मा आणि कायम सर्दी झाल्यासारखा आवाज. त्या शुक्रवारी ते आतल्या खोलीतून कागद घेऊन आले आणि नुसते उभे राहिले.

"आला?" बाईंनी विचारलं.

"आला. आधी बसा."

"बसलेलीच आहे मी."

"मग उठू नका." अण्णांनी चष्मा सारखा केला. "व्हिसा असला तरी आता भागणार नाही. विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः प्रश्न विचारणार. त्याची खात्री पटली तर आत. नाही पटली तर आल्या पावली परत म्हणतात ना, तसं आल्या विमानाने परत."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. म्हणजे आपली नवी मुलं यायला लागतात त्याच आठवड्यापासून."

दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. पण बाईंच्या अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं त्या खोटी टोपी घालून खोटा अधिकारी झाल्या होत्या. आता खऱ्या अधिकाऱ्यासमोर त्यांची मुलं उभी राहणार होती, अगदी तालमीतल्यासारखीच. हे म्हणजे आयुष्यभर घरच्या अंगणात पोहण्याचे हातवारे शिकवावेत आणि एक दिवस अंगणात नदीच यावी, तसं झालं. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि अण्णांना म्हणाल्या, "यादी काढा. आजपासून एकेकाला बोलवायचं."

एवढ्यात संचालकसाहेब जिना उतरून आले. माणूस भला, पण घाईचा. "बाई, एकेकाला कधी बोलवणार? मुलं निम्म्या वाटेवर आहेत. एक छान उत्तर लिहून काढा आणि सगळ्यांना पाठवून द्या. पाठ करतील."

बाईंना ते पटलं नाही, पण वेळ नव्हता हेही खरं. त्या रात्री त्यांनी वाक्य लिहिलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी जमलं तेव्हा त्यांना ते फार आवडलं. तोच तर घोटाळा झाला. नवऱ्याला त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: "या नामांकित विद्यापीठात माझ्या विषयाचं सखोल ज्ञान संपादन करण्यासाठी मी आलो आहे आणि अभ्यासक्रम पूर्ण होताच त्या ज्ञानाचा उपयोग मायदेशाच्या उन्नतीसाठी करणार आहे."

नवरा पाय पसरून बसला होता. "छान आहे," तो म्हणाला. "पण माणूस असं बोलतो का?"

"अधिकाऱ्यासमोर बोलतो."

"माझ्या बसमध्ये कोणी असं बोलला असता, तर मी त्याचं तिकीट दोनदा बघितलं असतं."

"तुम्ही गप्प बसा. आणि सोमवारी मुलांना आणायला बस तुम्हीच चालवायचीय, विसरू नका."

"चालवीन की. पण मग टोपी माझी."

येणाऱ्या मुलांमध्ये एक मुलगी होती. तिला कक्षात सगळे गंजवाली म्हणत, कारण ती लोखंड कसं गंजतं याचा अभ्यास करायला येत होती. गेल्या वर्षीच यायची होती. पण मधेच नियम बदलला, तिची कागदपत्रं एका रात्रीत जुनी ठरली आणि तिचं विमान तिच्याशिवाय उडालं. प्राध्यापकांनी जागा वर्षभर राखली होती. आता पुन्हा राखणं त्यांच्या हातात नव्हतं. या खेपेला ती परत गेली तर सगळं संपणार होतं.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर तिची तालीम झाली. पडद्यावर ती आणि तिच्या खांद्यामागे तिची आई. बाईंनी टोपी घातली. "का आलीस?"

मुलीचे डोळे चमकले. "गंज बघायला. बाई, लोकांना वाटतं लोखंड सडतं. सडत नाही ते, परत माती व्हायला निघतं. आपण त्याला खाणीतून ओढून आणतो ना, ते रुसून घरी जायला बघतं. आमच्या गावच्या पुलाला मी लहानपणापासून..."

"थांब, थांब," बाई म्हणाल्या. "अधिकाऱ्याला गंज सांगत बसू नकोस. त्याला वेळ नसतो. वाक्य म्हण."

मुलीने वाक्य म्हटलं. अगदी घडाघडा, कुठेही न अडखळता. डोळ्यांतली चमक मात्र गेली. बाईंच्या ते लक्षात आलं, पण पुढच्या मुलाचा कॉल वाजत होता.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.

"ताई," मागून आई म्हणाली, "पोरगी कधी घर सोडून राहिली नाही. तुम्ही आहात ना तिथे?"

"मी दारातच उभी असेन. ती बाहेर येईल तेव्हा पहिली मीच दिसेन तिला."

सोमवारी सकाळी विमानतळाच्या दारात बाई फलक घेऊन उभ्या होत्या. फलकावर विद्यापीठाचं नाव अण्णांनी इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की शेवटची अक्षरं काठावर दाटीवाटीने बसली होती. बाहेर बसजवळ नवरा टोपी घालून ऐटीत उभा. अण्णा फेऱ्या मारत होते. बाईंची छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. लग्नाच्या मांडवात मुलीच्या आईची असते तशी.

एकामागून एक विमानं उतरली. माणसं बाहेर येऊ लागली. पेट्या, गळाभेटी, रडणं, फोटो. बाई प्रत्येक तरुण चेहऱ्याकडे बघून फलक हलवत होत्या. गर्दी विरळ झाली. मग एक म्हातारं जोडपं आलं, मग विमानातले कर्मचारी आले, आणि मग कोणीच आलं नाही.

"एक तरी यायला हवा होता," अण्णा म्हणाले.

बाईंचा फोन वाजला. पलीकडून कोरडा आवाज. "परदेशी विद्यार्थी कक्षाच्या तुम्हीच का? आत या. एकट्या."

रखवालदार त्यांना लांबलचक बोळातून घेऊन गेला. टोकाच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर ओळीने बाईंची मुलं बसली होती. बाईंना बघून सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले, जणू शाळा सुटली. सगळ्यात पहिल्या खुर्चीत गंजवाली होती. तिचे डोळे लाल झाले होते. समोर काच होती. काचेला गोल भोक. पलीकडे अधिकारी. केस पांढरे, डोळे थकलेले, हातात रुमाल.

"बाई," तो म्हणाला, "ही सगळी एकाच आईच्या पोटची आहेत का?"

"नाही. म्हणजे का?"

"मग सगळी एकच कशी बोलतात? सकाळपासून ऐकून ऐकून मलाच पाठ झालंय." आणि त्याने ते वाक्य म्हणून दाखवलं. नामांकित विद्यापीठ, सखोल ज्ञान, मायदेशाची उन्नती, सगळं. काचेच्या भोकातून बाहेर येताना ते बाईंना असं काही लागलं की कान गरम झाले. "एक जण म्हणाला, मी म्हटलं पोरगं गोड आहे. दुसरा म्हणाला, मी भुवया वर केल्या. तिसरीनेही तेच म्हटलं तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं, आधीच्या दोघांना परत बोलावलं आणि पुढच्या प्रत्येकालाही बसवलं. ज्याला स्वतः का आलो हे सांगता येत नाही आणि कोणीतरी पढवून पाठवलेलं असतं, त्याला परत पाठवायचं, असं नवीन नियमात लिहिलंय. आता सांगा. तुमच्या कक्षात तुम्ही नेमकं काय करता?"

बाईंची जीभ टाळूला चिकटली. समोर काच, पलीकडे माणूस, आणि हातात ना पाकिटं ना टोपी. "मी," त्यांनी सुरुवात केली, "परदेशी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक व प्रशासकीय..." आणि त्या थांबल्या. अधिकाऱ्याने भुवया कपाळात चढवल्या होत्या, हुबेहूब त्या स्वतः तालमीत चढवत तशा. इतकी वर्षं आपण मुलांना कुठे उभं करत होतो हे त्यांना त्या क्षणी दिसलं. आणि भीती असूनही त्यांना हसू फुटलं.

"हसण्यासारखं काय झालं?"

"काही नाही, साहेब. मी नेहमी काचेच्या तुमच्या बाजूला बसते." त्यांनी पदर सावरला. "वाक्य माझं आहे. मुलांचं नाही. मुलांकडे स्वतःची उत्तरं होती, मीच ती गप्प केली. वेळ नव्हता म्हणून केली. चूक माझी आहे, तर मला परत पाठवा. पण यांना एकदा दुसरं काहीतरी विचारून बघा. का आलास, हे सोडून. काहीही. मी इथे उभी राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही."

अधिकाऱ्याने रुमालाने नाक पुसलं. "तुम्हाला परत कुठे पाठवणार? इथल्याच तर आहात." पुढे तो म्हणाला, "पहिली मुलगी. ये."

गंजवाली काचेसमोर आली. तिचा पासपोर्ट घेण्यासाठी अधिकाऱ्याने काचेखालच्या फटीवरची झडप उचलली. ती किंचाळली. झडप, मुलगी नव्हे. मुलीची नजर पासपोर्टवरून उडाली आणि झडपेच्या बिजागरीवर जाऊन बसली.

"काय बघतेस?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हे स्क्रू कोणी बदललेत का?"

"कसले?"

"बिजागरी लोखंडाची आहे आणि स्क्रू पितळेचे. दोन वेगळे धातू असे चिकटवून ठेवले आणि वर ओल मिळाली की एक दुसऱ्याला खातो. ओल कुठून येतेय?" ती वाकली. "हा तुमचा स्पंज. पानं उलटायला बोट भिजवता ना, त्याचं पाणी ओघळून इथे येतं. बघा, इथे कडेला कसं फुगलंय. वरून रंग दिलाय म्हणून दिसत नाही, आतून संपत आलीय ती."

बाईंनी तोंड घट्ट मिटलं होतं. दोन्ही हात फलकावर इतके आवळले होते की पुठ्ठा वाकला.

अधिकाऱ्याने स्पंज उचलला, खाली बघितलं. "गेल्या वर्षी दुरुस्त केली होती," तो म्हणाला. "तेव्हापासूनच बोंब मारतेय."

"मारणारच. आणि बोंब मारतेय तोवर ठीक आहे. पूल मारत नाहीत. आमच्या गावचा पूल गप्प होता. त्याचा कठडा माझ्या काकांच्या हातात आला, नशीब त्यांचं, ते अलीकडे पडले. तेव्हापासून मी..." ती एकदम थांबली आणि तिने घाबरून बाईंकडे पाहिलं. "सॉरी बाई. वाक्य म्हणायचं राहिलं."

"नको," अधिकारी आणि बाई एकदमच म्हणाले.

मग अधिकारी म्हणाला, "तुम्ही शब्द काढणार नव्हता." आणि शिक्का उचलून त्याने तो असा काही आपटला की झडप पुन्हा किंचाळली.

पुढच्यांचं सोपं झालं, कारण अधिकाऱ्यालाच आता खेळात रस आला होता. एकाला त्याने विचारलं की तुझ्या पेटीत सगळ्यात जड काय आहे. एकीला विचारलं की तुझ्या विषयातली कुठली गोष्ट तुला अजून कळलेली नाही. ती एवढं बोलली की शेवटी त्याने हात जोडले. एक मुलगा म्हणाला, "खरं सांगू का साहेब, मला शिकायचंय हे तर आहेच, पण मोठ्या भावापासून जरा लांबही राहायचंय." अधिकारी त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "मलाही दोन आहेत," तो म्हणाला. फक्त एका मुलाच्या कागदावर सही राहिली होती, ती संचालकसाहेबांनी विद्यापीठातून धावत येऊन केली, आणि तोही सुटला.

बाहेर आल्यावर सगळी मुलं एकदम बोलू लागली. बसच्या दारात नवरा टोपी सावरत उभा. "काय झालं आत?" त्याने विचारलं.

"तिकीट दोनदा बघितलं," बाई म्हणाल्या.

तो मिशीत हसला आणि बसचं इंजिन सुरू केलं. मागे गंजवाली आईला फोनवर सांगत होती, "अगं, दारात कुठे, बाई आतच आल्या होत्या."

कक्षात पोचल्यावर मुलांनी नकाशाला गराडा घातला. अण्णांनी टाचण्यांची डबी पुढे केली. गंजवालीने ती सगळी चाळली, तळाशी एक तपकिरी पडलेली, डाग आलेली टाचणी होती, ती निवडली आणि आपल्या गावावर टोचली. "हीच बरी," ती म्हणाली. "रोज येऊन बघता येईल."

पुढच्या शुक्रवारी दुपारी अण्णा पुन्हा कागद घेऊन बाहेर आले. आता व्हिसा वाढवतानाही मुलाखत होणार होती, जुन्या-नव्या सगळ्यांची. संचालकसाहेब जिना उतरतच होते. "बाई, एक छानसं..."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण साहेब पायरीवरच थांबले. "एकेकाला बसवायचं. वेळ कमी पडतो म्हणता, तर टोपी घालणारे वाढवू. जो एकदा खिडकीतून पार झाला, तो दुसऱ्याला विचारील."

"टोपी एकच आहे," अण्णा म्हणाले.

"डेपोत ढीग पडलाय. आमच्यांना सांगते."

खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिल्यांदा कोण विचारणार यावरून मुलांत ढकलाढकली झाली आणि शेवटी टोपी गंजवालीच्या डोक्यावर आली. ती तिला मोठी होती, कानांवर टेकली. पण समोरच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. तेव्हा बाई टेबलामागून उठल्या, वळसा घालून आल्या आणि विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसल्या.

गंजवालीने भुवया कपाळात चढवल्या. "का आलात?"

बाई खुर्चीत सावरून बसल्या. तोंड उघडलं, मिटलं.

"वाक्य नको हं, बाई."

"नाही म्हणत," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "मी लहान असताना एकदा वडिलांनी मला पोस्टात दोन पाकिटं आणायला पाठवलं होतं..."